दहा सीटिंग झाल्या, गुडघा आहे तिथेच

पत्र असं आलंय, थोडं आटोपतं करून देते:

"ताई, मी ५६ वर्षांची. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दादरला पोळीभाजी केंद्रात सकाळी सात ते एक उभ्याने पोळ्या लाटते. दीड वर्ष झालं उजवा गुडघा दुखतोय, जिना चढताना दुखतो आणि उतरताना तर जीवच जातो. एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले गॅप कमी झालाय, झीज आहे, वजन उतरवा आणि फिजिओ करा. दहा सीटिंग केल्या, चारशेप्रमाणे चार हजार झाले. पट्ट्या लावून मुंग्या येणारं मशीन आणि शेक. तेवढे दिवस बरं वाटलं, बंद केल्यावर आठ दिवसांत पुन्हा तेच. हे म्हणतात पैसे पाण्यात. शेजारणी म्हणतात जास्त चालू नकोस, अजून झिजेल. खरं काय धरायचं? फिजिओने खरंच काही होतं का?
ता. क. ह्यांचा डावा खांदा चार महिने आखडलाय, शुगर आहे, बनियन मला चढवून द्यावं लागतं. आणि सुनेच्या कमरेच्या एमआरआयमध्ये डिस्क बल्ज आलंय, घाबरून ती पोराला उचलत पण नाही.
एक पोळीवाली"

ताई, ता. क. मध्ये तुम्ही अख्खं घर आणून बसवलंत की! पण आधी तुमचा गुडघा, बाकीचे दोघं नंतर.

पैसे पाण्यात गेले का, तर अर्धे गेले. ह्यांना सांगा अर्धे. कारण तुमची फिजिओथेरपी अजून झालीच नाहीये, तुमचा शेक झालाय. तुमच्याच भाषेत सांगायचं तर दहा दिवस कोणीतरी तवा छान तापवून दिला आणि पोळी टाकलीच नाही. मग तवा गार झाला की तुम्ही परत उपाशी.

ते मुंग्यांचं मशीन खोटं नाही हां. कोपर दाराला आपटलं की आपण लगेच चोळतो ना, आणि चोळल्यावर बरं वाटतं, तसंच आहे ते, त्या मुंग्यांच्या गर्दीत दुखण्याचा निरोप मागे पडतो आणि अर्धा पाऊण तास, कधी थोडं जास्त, गुडघा गप्प बसतो. शेकाने पण आखडलेलं सैल होतं. पण स्नायूत ताकद येत नाही त्याने, एक ग्रॅम पण नाही. तो जो अर्धा पाऊण तास गुडघा गप्प असतो ना त्यात व्यायाम करून घ्यायचा असतो, त्यासाठीच ते मशीन. तुम्हाला मशीन काढून "उद्या या" सांगितलं असणार.

हे मी एवढं ठामपणे कसं सांगते, तर कारण मी स्वतः फिजिओ आहे आणि हेच केलंय. कॉलेजमधून बाहेर पडल्यावर ज्या क्लिनिकमध्ये पहिली नोकरी केली तिथे सहा पडदे होते, सहा पडद्यांमागे सहा पेशंट, आणि मी एकटी. एकाची पट्टी लावायची, टायमर फिरवायचा, दुसऱ्याची काढायची, तिसऱ्याची बेल वाजलेली असायची. व्यायाम शिकवायला एका माणसाला वीस पंचवीस मिनिटं समोर उभं राहून बघावं लागतं, तेवढा वेळ कोणाकडे होता. एक आजोबा दोन महिने येत होते, रोज म्हणायचे "आज छान वाटलं बाळ", आणि एक दिवस मी त्यांना क्लिनिकच्या दोन पायऱ्या उतरताना पाहिलं, दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवे होऊन, खेकड्यासारखे. दोन महिन्यांत मी त्यांना एकदाही चालताना पाहिलं नव्हतं, गादीवर झोपलेलेच पाहिले होते. लाज वाटली. त्यानंतर मी आलेल्या प्रत्येक माणसाला आधी पायऱ्यांवर नेते, गादीवर नंतर.

आता ते "गॅप कमी झालाय" प्रकरण. हा शब्द ऐकला की बायकांचे चेहरे असे होतात जणू आत हाडावर हाड घासून भुगा पडतोय. हाडांच्या टोकांवर कूर्चा असते, गुळगुळीत गादीसारखी, ती वयाबरोबर पातळ होते, एक्स-रेमध्ये दोन हाडं जवळ दिसतात, त्याला गॅप कमी म्हणतात. पण त्या कूर्चेला नसाच नसतात, म्हणजे ती स्वतः दुखू शकत नाही. दुखतं ते आजूबाजूचं, सांध्याचं अस्तर, खालचं हाड, ओढ बसलेले स्नायू. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणं यांची गाठ पडतेच असं नाही. एक्स-रे बघून हादरावं असा गुडघा घेऊन माणसं शिवाजी पार्कला रोज सकाळी फेऱ्या मारतात आणि एक्स-रे बरा असलेली बाई रडत येते, दोन्ही मी रोज बघते.

कूर्चेला रक्तवाहिन्या पण नसतात. तिला पोसणारं पाणी आत बाहेर होतं ते हालचालीने, भांड्याचा स्पंज दाबला सोडला की कसं होतं तसं. त्यामुळे "चालू नकोस झिजेल" हे तुमच्या शेजारणींचं म्हणणं प्रेमाचं आहे पण उलटं आहे. बसून राहिलं की सांधा सुकतो, आखडतो, वजन वाढतं आणि सगळ्यात वाईट म्हणजे मांडीचा स्नायू वितळतो.

खरी गोम इथे आहे बघा, मांडीचा पुढचा स्नायू. गुडघा दुखला किंवा त्यात जरा सूज आली की शरीर आपणहून त्या स्नायूचा जोर कमी करतं, तुम्हाला न विचारता. मग स्नायू बारीक होतो, मग सगळा भार सांध्यावर, मग अजून दुखतं, मग अजून कमी वापर. आता जिना आठवा. चढताना हा स्नायू आवळून तुम्हाला वर ढकलतो. उतरताना तो ताणत ताणत ब्रेक लावतो, शरीर हळू खाली सोडतो. ब्रेक कमजोर असेल तर प्रत्येक पायरीला तुम्ही धप्पकन पडता, थोडंसंच, पण पडता, आणि साध्या चालण्यात सुद्धा गुडघ्यावर वजनाच्या अडीचपट भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटीच्या आसपास. म्हणून उतरताना जीव जातो. गॅप चढताना उतरताना तेवढाच असतो ना, मग उतरतानाच जास्त का दुखतं, याचं उत्तर हे.

आणि स्नायू ५६ व्या वर्षी वाढतो. ७६ व्या पण वाढतो. कूर्चा परत जाड करायचं औषध कोणाकडे नाही, तेलवाल्याकडे पण नाही आणि माझ्याकडे पण नाही, पण ब्रेक दुरुस्त करता येतो.

आधी आहे ती ताकद मोजा. एक बिनहातांची खुर्ची घ्या, दोन्ही हात छातीवर फुली करून ठेवा, मुलाला मोबाईलवर ३० सेकंद लावायला सांगा, आणि त्या वेळात पूर्ण उठायचं पूर्ण बसायचं, किती वेळा होतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईचे १२ पेक्षा कमी झाले तर पायात ताकद कमी असं आम्ही धरतो, आणि तुम्ही तर साठच्या आत. सात आले, आठ आले तरी घाबरू नका, आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाचा हिशोब लिहिता त्याच पानावर. हात न टेकता उठताच आलं नाही तर तसं लिहा, "हात लागले".

मग व्यायाम. मी फार देत नाही, जास्त दिले की बायका तीन दिवस सगळे करतात आणि चौथ्या दिवशी एकही नाही. पहिला तर पलंगावर बसूनच, पाय लांब, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुडघ्याने तो टॉवेल खाली दाबायचा, मांडी दगडासारखी झाली पाहिजे, मनात सहा मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, हा सकाळी उठल्या उठल्या आणि रात्री, रोज. दुसरा तोच खुर्चीचा, उठा बसा, पण बसताना सावकाश, तीन मोजत खाली यायचं, धपकन नाही, तुमच्या ब्रेकचं खरं काम इथेच होतं, दहा दहाच्या दोन फेऱ्या, आणि जड जात असेल तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा. तिसरा ओट्याला धरून टाचा उचलायचा, वर जायचं, थांबायचं, हळू खाली. चौथा ओट्याला धरूनच पाय सरळ बाजूला उचलायचा, कारण कमरेच्या बाजूचा स्नायू ढिला असला की चालताना गुडघा आत पडतो. खुर्ची, टाचा आणि बाजूचा पाय हे तीन एक दिवसाआड. ज्या दिवशी हे सोपं वाटेल त्या दिवशी जिन्याची सगळ्यात खालची पायरी घ्या, कठडा धरून उजवा पाय वर, शरीर वर, परत खाली. गंमत आहे, ज्या जिन्याला तुम्ही शिव्या घालता तोच पुढे तुमचं जिम.

दुखलं तर काय, हे सगळ्या विचारतात. दुखण्याला दहापैकी मार्क द्या. करताना तीन चारपर्यंत गेलं तर चालेल, करा. पाचच्या वर गेलं, किंवा दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत कालच्यापेक्षा जास्तच दुखतंय, तर डोस जास्त झाला, बंद नाही करायचं, फेऱ्या कमी करायच्या. दुखतंय म्हणजे आत काहीतरी तुटतंय असं समजू नका, तसं नसतं.

आणि वेळ द्या हो. पहिल्या दोन तीन आठवड्यांत जी सुधारणा वाटते ती स्नायू वाढल्याची नसते, मेंदू त्याला परत नीट कामाला लावायला शिकतो त्याची असते. खरा स्नायू भरायला आठ ते बारा आठवडे. दहा सीटिंगमध्ये कोणाचाच भरत नाही, कितीही भारी मशीन असो.

आता पोळ्यांचं. तुम्ही लिहिलं नाहीत पण मी पैज लावते, लाटताना तुमचा भार डाव्या पायावर असतो आणि उजवा गुडघा मागे ताठ लॉक केलेला. सहा तास. पुढच्या वेळी बघा. ओट्याखाली एक पाट ठेवा, वीतभर सुद्धा उंच नको, त्यावर एक पाय ठेवून लाटायचं, वीस पंचवीस पोळ्या झाल्या की पाय बदला. ओटा खाली असेल तर पोळपाटाखाली काहीतरी घट्ट ठेवून वर घ्या म्हणजे वाकणं कमी होईल. पायात सपाट झिजलेली स्लीपर असेल तर ती आजच बदला, फरशीवर उभं राहणाऱ्या बाईला जरा जाड तळव्याची चप्पल लागते. आणि तासाला एकदा मालकिणीला काय वाटायचं ते वाटू दे, दोन मिनिटं चालून या. मालकीण कुरकुर करेल, पण तिला माहितीये तुमच्यासारखी पोळी लाटणारी बाई परत मिळणार नाही.

जिन्याचा नियम पाठ करा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. म्हणजे तुमचा वर डावा, खाली उजवा. हा कायमचा नाही, गुडघा बरा होईपर्यंतचा. जास्त दुखत असेल त्या दिवसांत काठी घ्या, आणि काठी दुखऱ्या बाजूला नाही धरायची, उलट्या, तुमची डाव्या हातात. काठी सगळे चुकीच्या हातात धरतात, सिरीयलमधल्या आज्ज्या पण. काठी नको म्हातारी दिसते म्हणाल तर लांब छत्री घ्या, जूनपासून पुढे कोणाला कळणार पण नाही.

वजनाचं डॉक्टर बरोबर बोलले, फक्त ते सांगून मोकळे झाले. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. म्हणजे वीस किलो उतरवायची गरज नाही, चार पाच पण खूप. पोळीभाजी केंद्रात दिवसभर वासात राहून भूक कशी आवरायची ते मला विचारू नका, मला स्वतःला जमत नाही.

चाळीतला संडास भारतीय असेल तर लोखंडी कमोड स्टूल मिळतं, वरून ठेवायचं, काम झालं की उचलून आणायचं. लाज सोडा, उकिडवं बसून उठताना गुडघ्यावर सगळ्यात जास्त भार येतो. आरतीला, जेवायला मांडी घालायची तर घाला, गुन्हा नाही तो, पण तासभर नको आणि उठताना काहीतरी धरून उठा. नी कॅप बाहेर जाताना घातली तर चालेल, दिवसभर नको. तेल लावा, चोळल्याने बरं वाटतं, पण साधं तिळाचं लावा, केरळहून आलेलं अमुक हजाराचं नको. दुखणं कमी करायचं जेल मिळतं केमिस्टकडे, गुडघ्याला ते खरंच उपयोगी पडतं, डॉक्टरांना विचारून लावा, गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने रोज नको, पोट आणि किडनी दोन्हीची वाट लागते.

एवढं मात्र लक्षात ठेवा. गुडघा लाल गरम होऊन सुजला आणि ताप आला, पडल्यावर पाय टेकवताच येत नाही, गुडघा अधेमधे अडकतो आणि सुटत नाही, पोटरी एकाच पायाची सुजून दुखायला लागली, तर व्यायाम वगैरे ठेवा बाजूला आणि त्याच दिवशी डॉक्टर. आणि सकाळी उठल्यावर आखडलेपण अर्ध्या तासात सुटत असेल तर ते झिजेचं असतं, पण तास तासभर राहत असेल, बोटांचे सांधे पण सुजत असतील, तर तो वेगळा संधिवात असू शकतो, त्याची रक्ताची तपासणी वेगळी आणि औषधं पण वेगळी.

परत फिजिओकडे जायचं का? जायचं, पण चार हजार परत घालवू नका. तुम्ही लालबागला, केईएम हॉस्पिटल तुम्हाला चालत जाण्याइतकं जवळ. देशातली फिजिओथेरपी शिकवणारी पहिली संस्था १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथेच सुरू झाली, तेव्हा पोलिओने पाय गेलेल्या मुलांना उभं करायचं होतं. नायर आणि सायनला पण विभाग आहे, हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, १९५५ पासूनची. केस पेपरची लाईन असते, अर्धा दिवस जातो, शिकाऊ मुलं मुली असतात, पण मी सांगते त्या शिकाऊ मुली तुम्हाला पायऱ्या चढवून बघतात, कारण त्यांचे सर मागे उभे असतात. महिन्यातून एकदा जा, व्यायाम बरोबर होतोय का दाखवा, पुढचा अवघड घेऊन या, बाकी घरी. सोयीसाठी प्रायव्हेटला जायचं असेल तर पहिल्याच दिवशी बघा, त्यांनी तुम्हाला चालायला लावलं का, काम काय करता विचारलं का, घरी करायला काही दिलं का. तिन्हीला नाही असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊ नका. आणि डिग्री विचारायला लाजू नका, बीपीटी म्हणजे बॅचलर ऑफ फिजिओथेरपी लागते, चार वर्षांच्या वरचं शिक्षण आहे ते, हल्ली कोणीही मालिशवाला स्वतःला फिजिओ म्हणवतो. २०२१ मध्ये त्यासाठी कायदा पण झालाय, पण गल्लीपर्यंत पोचायला वेळ लागतो.

आता ह्यांचा खांदा. शुगर आहे म्हणता आणि चार महिने, मला तो फ्रोझन शोल्डर वाटतो, शुगरवाल्यांना तो बराच जास्त होतो, वयाच्या चाळीस ते साठच्या आसपास. न बघता छातीठोक नाही सांगत, पण घरी बघायची एक खूण आहे. ह्यांचं कोपर कमरेला चिकटवा, हात समोर काटकोनात, आणि दार उघडल्यासारखा हात बाहेर न्यायला सांगा. उजवा जाईल, डावा जाणार नाही. मग तुम्ही स्वतः धरून हळूच न्यायला बघा. तुम्ही नेऊन पण जात नसेल, मध्येच भिंत लागल्यासारखा थांबत असेल, तर सांध्याची पिशवीच आखडली आहे, ताकदीचा प्रश्न नाही.

या दुखण्याचे तीन टप्पे असतात, आधी खूप दुखतं आणि हळूहळू आखडतं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मग दुखणं कमी होतं पण खांदा लाकूड होतो. मग सावकाश सुटायला लागतो. सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं. हे मी आधीच सांगते कारण नाहीतर माणसं दर महिन्याला डॉक्टर बदलतात, आणि शेवटी ज्याच्याकडे असताना खांदा आपोआप सुटतो तो देवमाणूस ठरतो. फिजिओचं काम पहिल्या टप्प्यात दुखणं सांभाळणं आणि आहे ती हालचाल टिकवणं, ओढाताण नाही. कृपा करून ह्यांना कुठल्या हाडवैद्याकडे झटका मारून घ्यायला नेऊ नका. असा एक खांदा माझ्याकडे आला होता, झटक्यानंतर हाड मोडून. टेबलाला उजवा हात टेकून पुढे वाकायचं आणि डावा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल झुलवायचा, छोटे गोल, दोन मिनिटं, दिवसातून तीनदा. मग झोपून दोन्ही हातात छत्री आडवी धरायची आणि चांगल्या हाताने दुखरा हात डोक्यामागे जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत न्यायचा, आणि दार उघडण्याची हालचाल पण त्याच छत्रीने. आंघोळीनंतर गरम पाण्याचा शेक असतानाच करा. लवकरच्या टप्प्यात सांध्यातल्या इंजेक्शनने दुखणं बरंच उतरतं, फक्त त्याने काही दिवस शुगर वाढते, तेव्हा शुगरच्या डॉक्टरांना आधी सांगा.

बनियन घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. बघा एकदा करून, ते स्वतः घालतील, आणि तुमचं एक काम कमी.

एक गंभीर गोष्ट, डावा खांदा आहे म्हणून. हात न हलवता, जिना चढताना किंवा भरभर चालताना खांदा दुखतो, छाती दाबल्यासारखी होते, घाम येतो, दम लागतो, असं असेल तर ते खांद्याचं समजून लंबक हलवत बसू नका, हॉस्पिटल.

सुनेसाठी दोन ओळी. तिला सांगा, ज्यांची कंबर आयुष्यात दुखलेली नाही अशा लोकांचे एमआरआय काढले तरी तिशीच्या वयात दहापैकी चार जणांत डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी जरा फुगलेली, दिसतं. केस पांढरे व्हायला लागतात तसं ते, रिपोर्टमध्ये लिहिलं की भयानक वाटतं. नुसतं पडून राहिल्याने कंबर अजून कमजोर होते. रोज चालायला लागू दे, आणि पोराला उचलताना त्याला आधी जवळ ओढायचं, छातीला लावायचं, गुडघ्यात वाकून उठायचं, सुरुवातीला पोराला खुर्चीवर उभं करून तिथून घ्या म्हणजे अर्धं वाकणं वाचलं. पण लघवी अडली, किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली, तर एक मिनिट थांबायचं नाही, रात्री दोन वाजता पण इमर्जन्सीत. हे फार क्वचित होतं, पण तिला माहीत असू दे.

तुम्ही मला सहा आठवड्यांनी परत लिहा, फार नको, नुसते दोन आकडे, पहिल्या दिवशी खुर्चीवर किती झाले आणि आता किती. आणि हो, ती खुर्ची प्लास्टिकची असेल तर भिंतीला टेकवून ठेवा, चाळीच्या गुळगुळीत फरशीवर उठताना मागे सरकते.